प्रकाशाच्या कसोटीवर डीएनए



आजच्या भाषणाचें नांव ऐकून कित्येकांना असें वाटण्याचा संभव आहे कीं, हा विषय प्रयोगशाळेंतील पंडितांचा. गृहस्थाश्रमी माणसाला त्याच्याशीं काय कर्तव्य? डीएनए हा शब्द आपल्या कानांवर येतो तो बहुधा खुनाच्या खटल्याच्या किंवा वारसाच्या तंट्याच्या निमित्तानें. परंतु क्षय आणि सिकलसेल या ज्या दोन व्याधि आमच्या भंडारा जिल्ह्यांतील कितीतरी घरांत ठाण मांडून बसल्या आहेत, त्या दोहोंची पक्की ओळख आज डीएनएच्या परीक्षेनें पटूं शकते; आणि ही परीक्षा वाचली जाते ती प्रकाशाच्या साहाय्यानें. ती कशी वाचली जाते, आणि ती वाचणारें यंत्र मोठ्या शहरांतून निघून खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांकडे कसें वळलें, एवढेंच मी आज सांगणार आहें. मी शास्त्रज्ञ नव्हें. माझा जन्म शाळामास्तरकींत गेला. त्यामुळें जी गोष्ट फळ्यावर चार रेघा ओढून मुलांना दाखवितां येईल, तेवढीच आपल्याला समजली असें मी मानतों. रेडिओवर फळा नाहीं, ही अडचण मात्र खरी.

प्रथम डीएनए म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. प्रत्येक सजीवाच्या पेशींत हा अतिसूक्ष्म दुपेडी धागा असतो. १९५३ सालीं केंब्रिज येथें वॉटसन व क्रिक यांनीं त्याची घडण उलगडली. त्या कामीं रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या क्ष-किरणचित्रांचा आधार फार मोलाचा ठरला. या धाग्यावर चार प्रकारचे रासायनिक घटक एकापुढें एक ओंवलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना ए, टी, जी व सी या चार अक्षरांनीं संबोधितात. एका पेडावर ए असेल तर समोरच्या पेडावर टीच येणार, आणि जी असेल तर सीच येणार. या जोड्या कायमच्या ठरलेल्या आहेत. मनुष्याच्या या ग्रंथांत सुमारें ३०० कोटि अक्षरें आहेत, तर क्षयाच्या जंतूच्या ग्रंथांत सुमारें ४४ लक्ष. प्रत्येक जातीचीं कांहीं वचनें तिचीं स्वतःचीं असतात. म्हणून रोग्याच्या बेडक्यांत क्षयजंतूचें एखादें खास वचन सांपडलें, कीं तेथें क्षयजंतु आहे किंवा होता हें ठरलें.

मग हीं अक्षरें सूक्ष्मदर्शक लावून कां वाचूं नयेत? याचें उत्तर मोठें मनोरंजक आहे. या धाग्याची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या ५ लक्षाव्या भागाएवढी. आणि लगतच्या दोन अक्षरांमधील अंतर तर अवघें ०.३४ नॅनोमीटर. उलट आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. धान मोजावयाची पायली घेऊन सराफाची गुंज मोजूं गेल्यास जें होईल, तेंच येथें होतें. दोष भिंगाचा नसतो; मापच मोठें पडतें. तेव्हां शास्त्रज्ञांनीं अक्षर डोळ्यांनीं पाहण्याचा हट्ट सोडला आणि निराळी युक्ति योजिली. अक्षर दिसत नसेल तर त्याच्या हातीं एक दिवा द्यावा, आणि दिवा पेटला कीं नाहीं एवढेंच पाहावें.

हा दिवा तेलाचा नव्हे आणि विजेचाहि नव्हे. हिंवतापावरील क्विनाइन, ज्याला आमचे वडीलधारे कोयनेल म्हणत, तें पूर्वीं आमच्याकडे घरोघर माहीत होतें. त्याचें पाणी रंगहीन असतें. पण तें कांचेच्या पेल्यांत घालून उन्हांत धरलें तर त्याच्या कडेला निळसर झांक दिसते. १८४५ सालीं जॉन हर्शेल यांनीं या झांकेची नोंद केली आणि १८५२ सालीं जॉर्ज स्टोक्स यांनीं तिचें कारण सांगितलें. सूर्यप्रकाशांतील जे जंबुपार किरण आपल्याला दिसत नाहींत, ते हें द्रव्य गिळतें आणि त्यांच्या मोबदल्यांत दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकतें. या गुणाला प्रतिदीप्ति असें नांव आहे. यांत मर्माची गोष्ट अशी कीं, घेतलेला रंग आणि परत दिलेला रंग हे एक नसतात. त्यामुळें योग्य रंगाची कांच मध्यें धरली, तर टाकलेला प्रकाश अडविला जातो आणि परत आलेलाच तेवढा पलीकडे पोहोंचतो. भर दुपारीं काजवा दिसत नाहीं, अंवसेच्या रात्रीं तो कोसावरून दिसतो. रंगीत कांच येथें ती अंवस निर्माण करते, आणि इवल्याशा प्रतिदीप्तीचेंहि मोजमाप शक्य होतें.

तरीसुद्धां एकट्या धाग्यावरचा एकटा दिवा पुरत नाहीं. दिवे कोट्यवधि हवेत, म्हणून धागेहि कोट्यवधि हवेत. ही सोय अमेरिकेंतील कॅरी मुलिस यांनीं १९८३ सालीं शोधून काढलेल्या पीसीआर पद्धतीनें झाली. तिच्याबद्दल त्यांना १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. धागा तापविला कीं त्याचे दोन पेड सुटे होतात; थंड केला कीं प्रत्येक सुट्या पेडासमोर नवा जोडीदार पेड विणला जातो. एकाचे दोन, दोहोंचे चार, चारांचे आठ, अशी तीस आवर्तनें झालीं म्हणजे एका धाग्याच्या १०० कोटींहून अधिक प्रति तयार होतात. शंका असेल त्यानें कागद घेऊन तीस वेळां दुप्पट करून पाहावें. माझे विद्यार्थी पंधराव्या पायरीला थकत असत.

आतां दिवा आणि धागा यांची गांठ घालावयाची. १९४८ सालीं थिओडोर फोर्स्टर या जर्मन शास्त्रज्ञानें एका नियमाचें गणित मांडलें: दोन विशिष्ट रंगद्रव्यें कांहीं नॅनोमीटरांच्या अंतरावर आलीं, तर पहिलें आपली शक्ति दुसऱ्याला देऊन टाकतें आणि स्वतः उजळत नाहीं. या नियमाचा पुढें असा उपयोग केला गेला. क्षयजंतूच्या खास वचनाशीं जुळणारा डीएनएचा एक आंखूड तुकडा घेतात. त्याच्या एका टोंकाला दिवा आणि दुसऱ्या टोंकाला त्याचा प्रकाश गिळणारें द्रव्य जोडतात. दिव्यावर मडकें पालथें घालावें तसा हा प्रकार होय. तुकडा आपल्या जागीं जाऊन बसला, आणि पेड विणणारें द्रव्य विणतां विणतां त्याच्यापाशीं आलें, कीं तें त्या तुकड्याला कापून बाजूस सारतें. मडकें दूर झालें, दिवा उजळला! जेवढ्या प्रति, तेवढे दिवे. वचन मुळांतच नसेल तर तुकडा बसत नाहीं, कापला जात नाहीं, आणि अंधार कायम राहतो. १९९२ व १९९३ सालीं रसेल हिगुची व त्यांचे सहकारी यांनीं नळ्यांवर कॅमेरा रोखून, विणकाम चालूं असतांनाच हा वाढता प्रकाश मोजून दाखविला. त्यांतून आणखी एक लाभ झाला: प्रकाश जितका लवकर दिसेल तितके मूळचे धागे अधिक, म्हणजेच जंतु अधिक. आहे कीं नाहीं, याच्या बरोबरीनें किती आहे, हेंहि कळूं लागलें.

हें झालें एका ठराविक वचनापुरतें. सबंध ग्रंथ वाचावयाचा तर चार अक्षरांना चार रंगांचे दिवे देतात. ही कल्पना १९८६ सालीं कॅलिफोर्नियांत यशस्वी झाली. आणि केंब्रिज येथें, मद्रासेंत जन्मलेले शंकर बालसुब्रह्मण्यम् व डेव्हिड क्लेनरमन यांनीं कांचेच्या पृष्ठावर कोट्यवधि तुकडे चिकटवून, अक्षरामागून अक्षर रंगांवरून वाचण्याची पद्धति सिद्ध केली. मनुष्याचा सबंध ग्रंथ वाचणें आज जें आवांक्यांत आलें आहे, त्याचें मोठें श्रेय या रंगीत दिव्यांना आहे. परंतु सामान्य दवाखान्याला सबंध ग्रंथाची गरज रोज पडत नाहीं. त्याला एक वचन हवें असतें. पण तें आजच्या आज हवें असतें.

या 'आजच्या आज'चें महत्त्व क्षयाच्या इतिहासावरून ध्यानांत येईल. रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु सांपडल्याचें २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केलें. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें आपला भर राहिला तो बेडका कांचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहण्यावर. ही परीक्षा स्वस्त खरी. पण एका मिलिलिटर बेडक्यांत ५ ते १० हजार जंतु असल्यावांचून तिला ते सहसा दिसत नाहींत. जंतु वाढवून पाहण्याची परीक्षा अधिक सूक्ष्म, पण तिला कित्येक आठवडे लागतात. तोंवर रोगी घरांतच खोकत राहतो. त्याच्या मांडीवर नातवंडें असतात. २०१० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें जीनएक्सपर्ट नांवाच्या यंत्राची शिफारस केली. तें सुमारें दोन तासांत उत्तर देऊं लागलें, ही क्रांतीच होती. परंतु त्याला अखंड वीज लागते, आणि खोलीची उष्णता ३० अंशांवर जाऊं देऊन चालत नाहीं. वैनगंगेच्या कांठीं वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, आणि वीज कोणत्या घटकेला जाईल याचा नेम नसतो. असें यंत्र सोयीच्या मोठ्या रुग्णालयांत शोभतें. लाखांदूरच्या किंवा मोहाडीच्या टोंकाला असलेल्या उपचार केंद्रांत त्याचा निभाव लागणें कठीण.

या अडचणीचें उत्तर आपल्या शेजारच्या गोमंतकांतून आलें, ही अभिमानाची गोष्ट होय. बंगळूर येथें २००० सालीं बिगटेक ही संस्था चंद्रशेखर नायर यांनीं सुरू केली. गोव्यांतील मोलबायो या कंपनीनें, श्रीराम नटराजन यांच्या नेतृत्वाखालीं, तेथील संशोधन यंत्ररूपानें बाजारांत आणलें. या यंत्राचें नांव ट्रूनॅट. यांतील मुख्य विचार साधा, पण खोल आहे. हंडाभर पाणी तापवावयास वेळ व सरपण दोन्ही लागतात; चमचाभर पाणी क्षणांत तापतें आणि क्षणांत निवतें. पीसीआरमध्यें तर तापविणें आणि निवविणें हाच सगळा खेळ. म्हणून त्यांनीं नळी सोडून बोटाच्या पेरावर मावेल अशा चिपवर तें काम आणलें. तिच्यावर अवघें ६ मायक्रोलिटर द्रव घालावयाचें. पाण्याच्या एका थेंबाचा हा जेमतेम आठवा भाग. इतकें थोडें द्रव असल्यामुळें वीज थोडी लागते, म्हणून यंत्र बॅटरीवर चालतें. आणि तें ४० अंशांपर्यंतचा उष्मा सोसतें.

परीक्षेचा क्रमहि कठीण नाहीं. बेडका प्रथम एका औषधी द्रवांत मिसळून पातळ करतात. त्यांतच जंतूंचें कवच फुटतें. मग एका लहान यंत्रांत त्यांतील डीएनए धुऊन वेगळा काढतात. तो चिपवर घालून चिप दुसऱ्या यंत्रांत ठेवली, कीं आंत आवर्तनें सुरू होतात, आणि प्रकाश वाढतो आहे कीं नाहीं याची रेघ पडद्यावर उमटूं लागते. सगळें मिळून तास-दीड तासाचें काम. क्षय ठरला तर त्याच डीएनएचा दुसरा थेंब दुसऱ्या चिपवर घालतात. रिफॅम्पिसिन हें क्षयावरील मुख्य औषध या जंतूवर लागूं पडेल कीं नाहीं, तें या चिपवरून कळतें. त्याचें रहस्य असें कीं, या औषधाला दाद न देणाऱ्या बहुतेक सर्व जंतूंमध्यें एका विशिष्ट जनुकाच्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यांतच कोठेंतरी बदल झालेला असतो. ४४ लक्ष अक्षरांत नेमक्या त्या ८१ अक्षरांवर दिवा धरावयाचा! पूर्वीं ही गोष्ट कळेपर्यंत रोगी महिनोन्महिने निरुपयोगी गोळ्या खात असे, आणि तोच हट्टी जंतु शेजाऱ्यांस वांटीत असे.

२०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें क्षयाच्या पहिल्या परीक्षेसाठीं ट्रूनॅटची शिफारस केली. त्याच वर्षीं करोनाची साथ आली, आणि एप्रिलमध्यें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें या यंत्राला त्या रोगाच्या परीक्षेसाठींहि मान्यता दिली. क्षयासाठीं घडविलेला दिवा दुसऱ्या अंधारांतहि कामास आला.

येथें एक इशारा दिला पाहिजे. या दिव्याला जिवंत जंतु आणि मेलेला जंतु यांतला भेद कळत नाहीं. डीएनए दोघांचाहि सारखाच. म्हणून औषध सुरू झाल्यावर तें लागूं पडतें आहे कीं नाहीं, हें पाहण्यास सूक्ष्मदर्शक व जंतुसंवर्धन या जुन्याच परीक्षा लागतात. तसेंच, बेडक्याऐवजीं नुसती लाळ दिली तर यंत्र काय करणार? उत्तर नकारार्थी आलें तरी लक्षणें कायम असतील, तर वैद्याचा संशय यंत्राच्या निर्णयाहून मोठा मानला पाहिजे.

आतां सिकलसेलकडे वळूं. सिकल म्हणजे विळा. या दोषांत तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याला असह्य वेदना होतात. १९४९ सालीं लायनस पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच दोष असल्याचें दाखविलें. १९५८ सालीं शुक्ला आणि सोळंकी यांनीं मध्य भारतांतील या दोषाविषयीं 'लॅन्सेट' पत्रांत लिहिलें, आणि विदर्भाकडे वैद्यांचें लक्ष वेधलें. मूळ किती क्षुल्लक पाहा: ३०० कोटि अक्षरांच्या ग्रंथांत एका ठिकाणीं ए च्या जागीं टी पडला आहे, एवढेंच. छापखान्यांतील एका खिळ्याची चूक. पण ती पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते.

हें एक अक्षर पकडण्यास दोन दिवे लागतात. एका रंगाचा दिवा निर्दोष वचनाला लागणारा, दुसऱ्या रंगाचा दिवा सदोष वचनाला लागणारा. प्रत्येक माणसापाशीं या वचनाच्या दोन प्रति असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. केवळ पहिला रंग उजळला तर माणूस निर्दोष. केवळ दुसरा उजळला तर रोगी. दोन्ही उजळले तर वाहक. वाहक हा रोगी नव्हे. तो शेतीभाती, नोकरी, संसार सर्व कांहीं इतरांसारखें करतो. मात्र दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गरोदरपणांत मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक इतका असतो.

परंतु येथें तारतम्य हवें. गांवच्या गांव तपासावयाचें असेल तर प्रथमच डीएनएपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. रक्ताचा एक थेंब ठराविक द्रावणाच्या नळींत टाकतात आणि नळीमागें रेघा छापलेलें कार्ड धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर चिंता नाहीं. गढूळपणामुळें दिसेनाशा झाल्या तर पुढील परीक्षा करावयाची. हीहि प्रकाशाचीच परीक्षा, पण कांहीं रुपयांत होणारी. सहा महिन्यांच्या आंतील बालकांना मात्र ती चालत नाहीं, कारण त्यांच्या रक्तांत जन्मापूर्वींचें हिमोग्लोबिन शिल्लक असतें. रोगी कोण व वाहक कोण, हा भेद हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या परीक्षेनें कळतो. डीएनएची परीक्षा खरी उपयोगी पडते ती गर्भाची स्थिति जाणून घेतांना, किंवा इतर परीक्षांत घोंटाळा राहिला असतां. १ जुलै २०२३ रोजीं शहाडोल येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटि लोकांची तपासणी योजिली आहे. इतक्या मोठ्या कामाला स्वस्त चाळण आधीं आणि बारीक चाळण नंतर, हाच क्रम शहाणपणाचा.

यंत्रांची कथा येथें संपते आणि आपल्या कर्तव्याची सुरू होते. यंत्र तालुक्याला आलें, तरी खोकणारा मनुष्य तेथपर्यंत गेला पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणें, यांपैकीं कांहींहि घरांत कोणाला असेल तर सरकारी दवाखान्यांत बेडका द्यावा. तेथें परीक्षा आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत. घरांत म्हणतांना मी भांडीं घासणारी बाई, दूधवाला आणि चौकीदार हेहि धरतों. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो म्हणून ते जात नाहींत. तो रोज आपण भरून दिला तर धर्मादायाहून मोठें पुण्य घडेल. उपचाराच्या काळांत रोग्याला सकस आहारासाठीं सरकार दरमहा मदत देतें. नोव्हेंबर २०२४ पासून ती ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे. हेंहि त्यांना सांगावें.

सिकलसेलच्या बाबतींत कर्तव्य याहून नाजूक आहे. वाहक असल्याचें पत्रक हातीं येतांच मुलीचें ठरलेलें लग्न मोडतें, आणि मुलाचें पत्रक मात्र कपाटांत जातें, असा अन्याय आपल्या समाजांत होतो. दोष आईकडून येतो तितकाच वडिलांकडून येतो. दोन्ही दिव्यांचा उजेड सारखाच असतो. म्हणून परीक्षा करावयाची ती वधूची आणि वराची दोघांची, लग्नाची बोलणी होण्यापूर्वीं, आणि तिचा निकाल ज्याचा त्यालाच सांगावा. गांवगप्पांच्या भीतीनें लोक परीक्षेलाच पाठ फिरवूं लागले, तर उत्तमांतील उत्तम यंत्रहि व्यर्थ होय.

शास्त्रज्ञांनीं अंधार करून त्यांत एक इवलासा दिवा पाहावयास आपल्याला शिकविलें. त्या दिव्याच्या उजेडांत कोणाला हिणवावयाचें नाहीं, कोणाला लपवावयाचें नाहीं, आणि वेळ दवडावयाचा नाहीं, एवढें पथ्य आपण पाळलें तर त्यांच्या श्रमांचें चीज झालें असें म्हणतां येईल.